रोजच्या घाईत ख्रिस्ती सहनशीलता वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे?

मोहरीचा_दाणा

सर्वांना जय ख्रिस्त.

विषय जुना आहे, पण उत्तर नेहमी अर्धेच मिळते. "धीर धरा, प्रभू सगळे पाहतो" हे खरेच आहे. पण सोमवारी सकाळी उठून काय करायचे ते त्यातून कळत नाही. गलतीकरांस ५:२२ मध्ये सहनशीलता हे आत्म्याचे फळ म्हटले आहे. मग फळ आहे म्हणून ते येईपर्यंत नुसते थांबायचे, की आपणही काही करायचे? करायचे असेल तर काय, किती वेळ, कोणत्या क्रमाने?

धीर कुठे सुटतो तेही लिहिते, म्हणजे उत्तर मोघम होणार नाही. समोरचा सावकाश बोलत असला की त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच उत्तर दिले जाते. पाठवलेल्या मेसेजला उत्तर आले नाही की फोन पुन्हा पुन्हा उघडला जातो आणि शेवटी काहीतरी टोचणारे लिहून पाठवले जाते. आणि प्रार्थनेला दहा मिनिटे ठरवली तर निम्म्यातच मन उठून जाते. रात्री पश्चात्ताप, नवा निश्चय, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा तेच.

ज्यांनी मंडळीत हे शिकवले आहे किंवा आत्मिक मार्गदर्शन केले आहे त्यांनी कृपया पद्धत सांगावी.

जैतून

ताई, तुम्ही सांगितलेल्या तीन जागा वरवर एकच वाटतात, पण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसांना सहन करणे एक, परिस्थितीखाली टिकून राहणे दुसरे, देवाची वाट पाहणे तिसरे. कलस्सैकरांस ३:१२-१३ पहिल्याबद्दल बोलते, याकोब १:२-४ दुसऱ्याबद्दल, स्तोत्र ४० तिसऱ्याबद्दल. तिन्हींसाठी मिळून "आजपासून मी धीर धरीन" असा एकच निश्चय केला की तो दुपारपर्यंतच टिकतो, कारण नेमके काय करायचे हे त्या निश्चयाला स्वतःलाच माहीत नसते. म्हणून आधी एकच जागा निवडा. मी सुचवेन वाक्य तोडण्याची, कारण ती उघड दिसते आणि मोजता येते.

मोजायची पद्धत जुनी आहे. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, त्यात ती दिली आहे. कॅथलिक परंपरेतली असली तरी कुठल्याही मंडळीच्या माणसाला वापरता येते. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, देवाकडे एवढेच मागायचे की आज या एका गोष्टीत मला सांभाळ. दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनचा वेळ तासातासाने आठवायचा आणि जितक्यांदा वाक्य तोडले तितके ठिपके वहीतल्या पहिल्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर दुपारपासूनचा वेळ तसाच आठवायचा, ठिपके दुसऱ्या रेघेवर. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. शिवाय चूक घडल्याक्षणी हात छातीला लावायचा. चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही, पण मनाला तिथल्या तिथे कळते. रात्री दोन रेघा ताडून बघायच्या, मग आजचा दिवस कालच्याशी, आणि आठवडा संपला की मागच्या आठवड्याशी.

यात बिघडते कुठे ते सांगतो. पहिल्या आठवड्यात ठिपके कमी होत नाहीत, वाढतात. माणूस घाबरून वही बंद करतो. खरे तर चुका वाढलेल्या नसतात, त्या दिसू लागलेल्या असतात. तेव्हा पहिल्या आठवड्यावरून काहीच ठरवू नका. दुसरी गफलत म्हणजे दुपारचे बघणे टाळून सगळे एकदम रात्री आठवणे. तोवर सकाळ पुसट झालेली असते आणि ठिपके अंदाजाने पडतात. तिसरी म्हणजे "मी चिडणार नाही" असली गोष्ट निवडणे. चिडणे कधी सुरू झाले ते आपल्याला नेमके सांगता येत नाही. वाक्य तोडले की नाही ते सांगता येते.

नुसते "तोडायचे नाही" एवढ्यावर भागत नाही, त्या जागी दुसरी कृती हवी. समोरच्याचे बोलणे थांबले की एक पूर्ण श्वास घ्या. मग त्याचे शेवटचे म्हणणे थोडक्यात त्यालाच सांगा: "म्हणजे तुमचे म्हणणे असे की…" आणि त्यानंतर उत्तर. याकोब १:१९ मधला क्रम हाच आहे: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला सावकाश. नीतिसूत्रे १८:१३ तर ऐकून घेण्याआधी उत्तर देणे याला सरळ मूर्खपणा म्हणते. ज्या माणसापुढे धीर हमखास सुटतो त्याच्यासाठी भेटीआधी नाव घेऊन प्रार्थना करा. "त्याला सुधार" ही प्रार्थना नको. त्याच्या आजच्या दिवसात जे अवघड असेल त्यासाठी मागा. त्याच्या अडचणीचा एकदा विचार झाला की त्याचा सावकाशपणा पूर्वीइतका अंगावर येत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मंडळीत फार कमी बोलले जाते. आपण ज्याला अधीर स्वभाव म्हणतो त्यातला बराच भाग वेळापत्रकाचा असतो. दोन कामांच्या मध्ये एक मिनिटही मोकळे ठेवले नाही की पहिल्या कामाला लागलेला उशीर दुसऱ्या कामातल्या माणसावर निघतो. दोन भेटींमध्ये दहा-पंधरा मिनिटे रिकामी सोडा. सकाळी कामांची यादी केली की तिच्यातले एखादे काम दिवस सुरू होण्याआधीच खोडा. मार्क ५ मध्ये येशू याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे निघाला आहे, यापेक्षा तातडीचे काय असणार? तरी वाटेत थांबून तो विचारतो, मला कोणी शिवले? बारा वर्षे रक्तस्राव सोसलेली ती बाई सगळी हकीकत सांगते, आणि तो ती ऐकून घेतो. ज्याचा दिवस काठोकाठ भरलेला असतो त्याला असे थांबता येत नाही, मन कितीही चांगले असो.

शेवटचा_पाऊस

जैतून यांची पद्धत मी नाकारत नाही, पण एका गोष्टीला मनापासून हरकत आहे. ठिपक्यांपासून सुरुवात केली की दोनांपैकी एक होते. ठिपके कमी झाले तर माणूस मनात फुगतो, वाढले तर खचतो. दोन्ही वेळा त्याचे लक्ष स्वतःवरच असते. सहनशीलता हे फळ आहे असे गलतीकरांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो तेव्हा तिचा उगम आपल्यात नाही, हेच त्याला सांगायचे आहे.

म्हणून वही उघडण्याआधी एक मिनिट दुसऱ्या कामाला द्या. आज मला कोणी सहन केले? प्रभूने, आणि माणसांपैकी कोणी? एक ठरावीक प्रसंग आठवायचा. "प्रभू, तू किती दयाळू" असे सर्वसाधारण बोलून पुढे जायचे नाही. माझ्या चुकीवर कोणी गप्प राहिले, मी उशीर केला तेव्हा कोणी विषय वाढवला नाही, असे काहीतरी हाताशी धरायचे. त्याबद्दल आभार मानायचे, मग ठिपके. हा क्रम उलटवू नका. इग्नेशियस यांच्या रोजच्या आत्मपरीक्षणातही पहिली पायरी उपकारस्मरणाचीच आहे, चुकांचा हिशोब नंतर येतो.

यामागे मत्तय १८ आहे. क्षमा न करणाऱ्या दासाचा दाखला आपण क्षमेचा म्हणून वाचतो, पण त्यातले दोघेही ऋणको, म्हणजे राजाचे देणे असलेला दास आणि त्या दासाचे देणे असलेला त्याचा सोबती, क्षमा मागतच नाहीत. दोघेही पाया पडून सवड मागतात: थोडे सांभाळून घ्या, मी सगळे फेडीन. दोघांची विनवणी जवळपास शब्दशः सारखी आहे. आता आकडे पाहा. पहिल्याचे देणे दहा हजार तालांत. एक दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज (मत्तय २०:२), आणि एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. ती फेडायला सवड मागणे याला अर्थच नाही. दुसऱ्याचे देणे शंभर दीनार, साडेतीन महिन्यांत फिटेल असे. ज्याला अशक्य देण्यासाठी सवड मागितल्यावर सगळेच सोडून दिले गेले, तो शक्य देण्यासाठीही सवड देत नाही. समोरच्याला बोलायला आणखी एक मिनिट देणे म्हणजे शंभर दीनारांचा हिशोब आहे, हे लक्षात ठेवले की निम्मे काम होते. निर्गम ३४:६ मध्ये देव मोशेसमोर आपले नाव उच्चारतो तेव्हा स्वतःला मंदक्रोध म्हणवतो, आणि तेही लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले त्या प्रकरणानंतर लगेच. सहनशीलता ही आधी त्याची ओळख आहे.

ठिपक्यांसोबत आणखी एक गोष्ट लिहा. प्रत्येक ठिपक्यासमोर दोन-तीन शब्द: इथे मला काय गमावल्यासारखे वाटले? धर्मशास्त्री थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात धीराला धैर्याचा भाग मानले आणि त्याचे काम सांगितले ते दुःखापुढे विवेक ढळू न देणे. हे फार उपयोगी आहे. आपण समजतो अधीरतेच्या मुळाशी राग आहे. पुष्कळदा तिथे दुःख किंवा भीती असते: माझे ऐकले जात नाही, मी मागे पडतो आहे, हे काम माझ्या हातून निसटेल. राग दाबून ते मूळ हलत नाही. पंधरवडाभर हे शब्द लिहिले की तेच-तेच शब्द पुन्हा येताना दिसतात. मग तुमची प्रार्थना "मला धीर दे" इतकी मोघम राहत नाही, त्या भीतीचे नाव घेऊन करता येते.

आणि खचू नका. आरंभीच्या मंडळीतले लेखक टर्टुलियन यांनी इ.स. २००च्या सुमारास धीरावर एक निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच ते कबूल करतात की हा सद्गुण आपल्याजवळ नाही, आणि आजारी माणसाला आरोग्याविषयी बोलत राहावेसे वाटते तसे आपले झाले आहे. ख्रिस्ती लेखनात केवळ या विषयाला वाहिलेल्या अगदी आरंभीच्या लेखनापैकी हे एक, आणि ते एका उतावळ्या माणसाचे आहे.

होरेबची_वाट

थोडक्यात लिहितो. ठिपक्यांना वेळही लिहा. ते जेवणाआधीच्या तासात किंवा रात्री उशिरा गोळा होत असतील तर आधी झोप आणि जेवण बघा, बाकी सगळे नंतर. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो. देवदूत त्याला बोध करत नाही. तो झोपतो, उठवून त्याला भाकर आणि पाणी देतात, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खायला देतात. मग चाळीस दिवसांची वाट, आणि "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर. झोपमोड झालेल्या माणसाने स्वतःच्या अधीरतेवर उपास करून उपाय करू नये, त्याने चिडचिड वाढतेच. उपास करायचाच असेल तर झोप पुरी होत असलेल्या आठवड्यात करा.

मोहरीचा_दाणा

खूप आभार. वही उद्यापासूनच. दोन शंका राहिल्या.

एक, मेसेजचे काय? तिथे समोर माणूस नसतो, त्यामुळे श्वास घेऊन म्हणणे परत सांगणे जमत नाही. शिवाय इफिसकरांस ४:२६ सांगते की सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा. मग उत्तर लगेच द्यायचे की थांबायचे?

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. धीर धरणे आणि मुकाट्याने सोसणे यांतला फरक कसा ओळखायचा? जो सोसतो त्यालाच मंडळीत धीराचा पाठ दिला जातो, आणि जो त्रास देतो त्याला काहीच सांगितले जात नाही, असे बऱ्याचदा दिसते.

दिमिष्काची_टोपली

दुसऱ्या शंकेला आधी उत्तर देतो, कारण इथे चुकीचा सल्ला माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

मारहाण, धमकी, लैंगिक छळ, पैशांची अडवणूक, मुलांना इजा: यांपैकी काहीही चालू असेल तर तिथे धीराचा प्रश्न येत नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जायचे, विश्वासू माणसाला आणि पोलिसांना सांगायचे, इजा झाली असेल तर डॉक्टरकडून तिची नोंद करून घ्यायची. नात्याचे पुढे काय करायचे ते सुरक्षित झाल्यावर बघता येते. हे विश्वासाच्या उणिवेचे लक्षण नाही. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पौलाला ठार मारायचा बेत झाला तेव्हा शिष्यांनी रात्री त्याला टोपलीत बसवून गावकुसावरून खाली सोडले (प्रेषितांची कृत्ये ९:२५). ज्याने "प्रीती सहनशील आहे" असे लिहिले तो हाच माणूस. फटके मारायला बांधले तेव्हा त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले (२२:२५), फिलिप्पैत गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर काढावे असा आग्रह धरला (१६:३७), आणि न्याय मिळत नाहीसे दिसल्यावर कैसराकडे दाद मागितली (२५:११). प्रभूलाही प्रमुख याजकापुढे चपराक बसली तेव्हा तो निमूट राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नसेन तर मला का मारतोस, असे त्याने सरळ विचारले (योहान १८:२३). त्याने उलट मारले नाही, पण अन्यायाला अन्याय म्हटले. माझ्या मते फरक इथेच दिसतो: धीर सूड सोडतो, सत्य सोडत नाही.

इतका गंभीर नसलेला, पण सततचा त्रास असेल, उदाहरणार्थ कोणी सारखे अपमानास्पद बोलत असेल, तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम धरा. प्रथम एकांतात सांगायचे. सांगताना एकच घटना, तिचा दिवस, उच्चारलेले शब्द आणि तुम्हाला काय हवे ते. "तुम्ही नेहमीच असे करता" असे म्हटले की बोलणे त्या "नेहमीच"वर अडकते. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्यायचे, आणि ते दोन्ही बाजू ऐकू शकतील असे हवेत, फक्त तुमची बाजू घेणारे नकोत. तरीही नाही, तर मंडळीसमोर. छळाच्या प्रकरणात मात्र पहिली पायरी लावू नका. छळ करणाऱ्याला एकांतात गाठायला सांगणे हा धोक्याचा सल्ला आहे, आणि तो बऱ्याच ठिकाणी दिला जातो.

जे मंडळीत शिकवतात त्यांनी १ थेस्सलनीकाकरांस ५:१४ नीट वाचावे. अव्यवस्थित वागणाऱ्यांची कानउघाडणी, अल्पधीराच्यांना दिलासा, अशक्तांना आधार, आणि सर्वांशी सहनशीलता. पौल प्रत्येकाला वेगळे काही देतो. ज्याची कानउघाडणी करायची त्याला सोडून ज्याला आधार द्यायचा त्यालाच "सहन कर" म्हटले तर हे वचन उलटे लावले जाते.

शेवटचा_पाऊस

मेसेजबद्दल. इफिसकरांस ४:२६ राग सोडायला सांगते, उत्तर पाठवायला सांगत नाही. राग आज रात्रीच देवापुढे मांडायचा. उत्तर उद्या गेले तरी वचन मोडत नाही. उत्तर लिहायचे ते त्या संभाषणात लिहूच नका, बोट चुकून "पाठवा"वर जाते. वेगळ्या नोंदीत किंवा कागदावर लिहा. झोपून उठल्यावर वाचा. त्यातले "नेहमी", "कधीच", "तुला काय" असे शब्द काढा, आणि समोरच्याच्या मनात काय होते याविषयी तुम्ही बांधलेले अंदाजही काढा. उरेल ते पुष्कळदा दोन ओळींचे असते. ते पाठवा, किंवा त्याऐवजी फोन करा. आवाज ऐकू आला की गैरसमज लवकर मिटतो.

पण या थांबण्याचा उपयोग अबोला धरायला करू नका. रागाचे उत्तर लांबवावे, समेट लांबवू नये. मत्तय ५:२३-२४ मध्ये तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे. साधा नियम असा की एक रात्र थांबायचे, दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत काहीतरी करायचे.

आणि उत्तर आले का म्हणून पुन्हा पुन्हा बघण्यावर: फोन उघडायच्या वेळा ठरवा आणि अधल्यामधल्या वेळी तो हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. खिशात ठेवून मनावर ताबा ठेवणे ही उगाच वाढवलेली परीक्षा आहे. "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" अशी प्रार्थना आपण रोज करतो. परीक्षेची वस्तू स्वतःच दूर ठेवणे त्या प्रार्थनेला धरूनच आहे.

जैतून

प्रार्थनेचा भाग राहिला होता, तो मी घेतो.

दहा मिनिटे ठरवली असतील तर दहाच करा, गजर लावून, फोन नको, साधे घड्याळ चालेल. अर्ध्यात उठावेसे वाटले तर उठायचे नाही, उलट ठरल्यापेक्षा थोडे जास्त बसायचे, अर्धे-एक मिनिट. हाही इग्नेशियस यांचाच नियम आहे: मन कोरडे असताना वेळ कमी करायचा मोह होतो, तेव्हा तो किंचित वाढवावा. यामागचे कारण साधे आहे. उठून गेल्यावर मनाला बरे वाटते, आणि पुढच्या वेळी उठायची इच्छा आणखी लवकर होते. एकदा तो मोह मोडला की त्याचा जोर कमी होतो. मात्र वाढवायचे ते अर्धे-एक मिनिटच. जोशात अर्धा तास बसले की दुसऱ्या दिवशी दहा मिनिटेही नकोशी होतात.

त्या दहा मिनिटांत काय करायचे? स्तोत्र १३ घ्या, सहाच वचने आहेत. एकेक वचन वाचायचे, एक पूर्ण श्वास थांबायचे, मग पुढचे. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चारदा येतो, तो चारही वेळा मोठ्याने म्हणा आणि प्रत्येक वेळी तुम्ही ज्याची वाट पाहत आहात त्याचे नाव घ्या. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे. तिथे स्वतःची एकच मागणी मांडा. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आहे. तो त्या दिवशी तुमच्या मनात नसेल तरी वाचा, स्तोत्रकर्त्याबरोबर. देवापुढे तक्रार करणे अधीरपणा नव्हे. अधीर माणूस तक्रार माणसांपुढे करतो, किंवा उठून स्वतःच काहीतरी करून टाकतो. काही दिवस भरवशाचे वचन घशाखाली उतरणारच नाही, त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारात संपते आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

मन भटकले की "भटकलो" एवढेच ओळखून त्याच वचनावर परत यायचे. स्वतःला रागावण्यात मिनिट घालवू नका, ते दुसरे भटकणे झाले. इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांविषयी लिहिताना इव्हाग्रियस यांनी चौथ्या शतकात या अवस्थेचे वर्णन केले आहे: सूर्य पुढे सरकत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो, नजर सारखी खिडकीकडे जाते, आणि दुसऱ्या जागी गेलो तर देवाची सेवा जास्त चांगली होईल असे मनात येते. त्यांचा उपाय होता जागा न सोडणे. त्यांच्याकडे तर फोनही नव्हता, तेव्हा सगळा दोष आपल्या काळावर टाकू नये.

आता मोठ्या वाट पाहण्याविषयी, जिथे उत्तर महिनोन्महिने येत नाही. नोकरी, लग्न, मूल, आजार. इथे धीर सुटतो तो मोठ्या निर्णयाच्या रूपाने, आणि तो निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच वाटतो. १ शमुवेल १३ उघडा. संदेष्टा शमुवेलाने दिलेल्या मुदतीप्रमाणे राजा शौल सात दिवस थांबला. मग शमुवेलाने करायचे होमार्पण त्याने स्वतःच केले, आणि ते संपते तोच शमुवेल आला. शौलाने दिलेली कारणे वाचा: लोक मला सोडून पांगत होते, तुम्ही ठरल्या वेळी आला नाहीत, शत्रू पलिष्टी मिखमाश गावी जमत होते. तिन्ही कारणे खरी आहेत! त्याच्याजवळ तीन हजारांतले सहाशेच माणसे उरली होती. आणि पुढे तो म्हणतो, म्हणून मनाविरुद्ध मला हे करावे लागले. घाईत घेतलेल्या निर्णयाची भाषा अगदी अशीच असते.

म्हणून वाट पाहताना मोठा निर्णय घ्यावासा वाटला तर तीन प्रश्न कागदावर लिहा. लोक दूर जातील या भीतीने मी हे करतो आहे का? कोणीतरी उशीर केला याचा राग यात आहे का? संकट प्रत्यक्ष आले आहे, की जमताना दिसते आहे? तिन्हींपैकी एकालाही "हो" आले तर निर्णय एक आठवडा पुढे ढकला आणि ते उत्तर एका वयस्क विश्वासू माणसाला वाचून दाखवा. मन शांत असताना जे ठरवले होते ते मन काळवंडलेले असताना बदलू नये. याला अपवाद दिमिष्काची टोपली यांनी सांगितलेल्या प्रकारांचा. तिथे थांबायचे नाही.

थांबणे म्हणजे हात बांधून बसणेही नव्हे. योसेफाला सतराव्या वर्षी विकले, मिसरचा राजा फारो याच्यापुढे तो उभा राहिला तो तिसाव्या वर्षी. तुरुंगात भेटलेला फारोचा प्यालेबरदार (राजाला प्याला देणारा सेवक) सुटल्यावर त्याला विसरला त्यानंतरची दोन वर्षे तुरुंगातच गेली. पण त्या तुरुंगात तो कैद्यांची व्यवस्था बघत होता, आणि "माझी आठवण ठेव, फारोजवळ माझे नाव काढ" असे त्याने प्यालेबरदाराला स्पष्ट सांगितलेही होते. अर्ज करायचा असेल तर करा, डॉक्टर बदलायचा असेल तर बदला, माणसांना सांगून ठेवा. आज जे काम हातात आहे ते मात्र उद्याच्या वाट पाहण्यापायी अर्धवट टाकू नका.

होरेबची_वाट

वहीबद्दल एक राहिले. ती कुणाच्या हाती पडेल अशी ठेवू नका, कारण ठिपक्यांसमोर माणसांची नावे येतात. नावाऐवजी खूण करा. आठवड्यातून एकदा एकाच माणसाशी, फादर असोत, पाळक असोत की एखादी वडीलधारी बहीण, पंधरा मिनिटे बोला. त्यांना सगळे ठिपके दाखवायची गरज नाही. या आठवड्यात कोणते शब्द पुन्हा आले आणि कुठल्या वेळी, एवढे सांगितले तरी पुरते. सुमारे सहा आठवड्यांनी, वाक्य तोडणे बरेच थांबले असो वा नसो, दुसरी जागा घ्या. एकाच चुकीकडे फार काळ टक लावून बसले की माणूस तिच्यातच अडकतो. पुढे तिच्याकडे परत येता येते.